चोपड्याहून आलेला प्रश्न: वडिलांचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत गाठ पोचलीय म्हणतात पण पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) निल आहे, तरी लगेच रेडिएशन घ्यायचं का?

बहुतेक केसमध्ये लगेच घाई नको भाऊ, दर तीन महिन्याला पीएसए करा आणि तो चढायला लागला की मग वेळ न घालवता रेडिएशन घ्या. रॅडिकल्स नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये (2020 ला लॅन्सेटमध्ये छापून आली, जवळपास 1400 पेशंट) लगेच रेडिएशनचा शेक दिलेले आणि वाट बघून दिलेले यांच्यात कॅन्सर आवरण्यात फारसा फरक दिसला नाही, उलट लगेच घेणाऱ्यांना लघवी गळणं आणि लघवीची नळी आवळणं हा त्रास जास्त झाला, आणि 20 ते 33 सीटिंगसाठी एसटीने रोजची ये-जा आहेच ती वेगळी.

पण ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट नीट वाचा: ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा) 8 किंवा जास्त, कॅन्सर शुक्राशयात (प्रोस्टेटला लागून असलेल्या वीर्याच्या पिशवीत) पसरलेला किंवा लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठीत) सापडला असेल तर हिशोब बदलतो, तिथे ऑन्कोलॉजिस्ट लवकर सुरू करा म्हणू शकतात आणि ते बरोबरही असतं. आणि हो, पीएसए एकाच लॅबमध्ये करा, एकदा जळगाव एकदा धुळे असं केलं की 0.03 चा 0.06 झाला म्हणून उगाच झोप उडते. 0.1 च्या पुढे गेला किंवा लागोपाठ तीनदा वाढला की मात्र थांबू नका.