फाजीलपणा म्हणजे ‘इनअप्रोप्रिएट’ नव्हे

मेलबर्नच्या ताई, तुम्ही लिहिता, “लेकाने व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या कानटोपीची गंमत केली. आधी तेही हसले. मग हा थांबेचना, तेव्हा ‘फाजीलपणा पुरे’ म्हणाले. त्याने अर्थ विचारला, मी ‘इनअप्रोप्रिएट’ सांगितलं. आता तो आजोबांशी बोलत नाही.”

अहो, बोलेल कसा? तिकडच्या शाळेत हा शब्द आला की पालकांना बोलावणं येतं. पोराला वाटलं, आपण काहीतरी घाण बोललो. घाई केलीत, ताई.

फाजील आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ जास्तीचा, गरजेहून उरलेला. उर्दूत त्याच मुळाचा फाजिल म्हणजे विद्वान; आपण मात्र जास्तीचाच अर्थ धरून ठेवला. फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. लाड वाईट नव्हेत, ते मापाबाहेर गेले. गमतीचंही तेच. ‘आधी तेही हसले’ हे तुम्हीच लिहिलंय ना?

टिंगलटवाळीत समोरच्याला कमी लेखणं असतं. पाचकळ विनोदाला चव नसते. वात्रट तर आपण कौतुकानेही म्हणतो, वात्रटिका त्यातूनच आली. फाजीलपणात दुष्टावा नसतो, कुठे थांबायचं ते कळलेलं नसतं. आणि हा शब्द मोठ्याने लहानाला म्हणायचा. लेकाने उद्या आजोबांनाच ‘फाजील’ म्हटलं तर तो उद्धटपणा, हेही सांगून ठेवा.

आम्ही लेस्टरला होतो तेव्हा माझ्या लेकीने सासऱ्यांच्या कवळीवर एकच विनोद तीनदा केला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “फाजील कुठली!” मी अर्थ सांगितला ‘रूड’, आणि पोर रात्रभर रडली. सकाळी मामंजींनी तिला ओट्याशी नेलं, आमटीत मीठ टाकायला लावलं. पहिली चिमूट चवीची, तिसरी फाजील. आज तिच्या मुलांना ती हेच सांगते. तेव्हा मला हे सुचलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

पत्रात तुम्ही मराठी शाळेचं आणि सासूबाईंच्या व्हिसाचंही विचारलंय. शाळा घराजवळची बघा. व्हिसाचं जाणकाराला विचारा.

या रविवारी मात्र कॉल लावाच. इंग्रजी शब्द माझा चुकला, असं लेकाला आधी सांगा. मग कानटोपीची ती पहिली गंमत त्याला आजोबांना पुन्हा ऐकवू द्या. एकदाच.