दाढ दुखायची थांबली, आता कशाला रूट कॅनाल?

प्रश्न : खालची दाढ ठणकत होती, गालही सुजला. पाच दिवस अँटिबायोटिक घेतल्यावर सूज उतरली, दुखणं गेलं. तरी डॉक्टर रूट कॅनाल करा म्हणतात. गोळ्यांनी भागलं असेल तर चांगली दाढ कोरायची कशाला?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : दाढ चांगली राहिलेली नाही, हीच तर अडचण आहे. दाताच्या पोटात मऊ गाभा असतो. आपण त्याला 'नस' म्हणतो, पण त्यात रक्तवाहिन्याही असतात. कीड तिथवर पोचली की गाभा सुजतो. मग गरम चहाने कळ येते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो. पुढे गाभा मरतो. मेलेल्या गाभ्यात रक्त फिरत नाही, त्यामुळे रक्तातून येणारं औषध आत शिरतच नाही. मुळाच्या टोकापलीकडे हाडात पसरलेला संसर्ग गोळ्यांनी आवरतो, जंतूंचा साठा दाढेत तसाच राहतो. काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी गाल पुन्हा सुजतो. कधी हिरडीवर बारीक पुळी येऊन पू वाहत राहतो. दाब निघून गेल्याने दुखत नाही, माणूस निर्धास्त होतो आणि हाड झिजत जातं.

रूट कॅनाल म्हणजे हा मेलेला गाभा काढून मुळांतल्या नळ्या साफ करून बंद करणं. ज्यांना ते नको, त्यांना दाढ काढणं हा दुसरा मार्ग आहे. तिसरा नाही. मात्र तापासोबत सूज वाढत असेल, तोंड नीट उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दवाखाना उघडायची वाट न पाहता त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : खालच्या दाढेच्या दोन सीटिंग झाल्या, दुखणं थांबलं. वर तात्पुरतं सिमेंट आहे. आत नेमकं काय करतात? कॅपचा खर्च सहा महिने पुढे ढकलला तर चालेल का?
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर : खालच्या पहिल्या दाढेला मुळं बहुधा दोन, पण त्यांतल्या नळ्या तीन, कधी चार. दाढ बधिर करून, शक्यतो तिच्याभोवती रबराचा पडदा लावून (थुंकी आत जात नाही, औषध घशात उतरत नाही) वरून छिद्र पाडतात. मग हाताची बारीक फाइल (सुईसारखी कानस) नळीत घालतात. १० नंबरच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटर जाडीचं असतं. नळीची लांबी यंत्राने आणि एक्स-रेने मोजतात आणि मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबतात. फार अलीकडे थांबलं तर घाण उरते, पलीकडे गेलं तर हाडाला इजा होते.

नळी गोल नसते, त्यामुळे फाइल सगळ्या भिंतींना लागत नाही. उरलेलं काम सोडियम हायपोक्लोराइटचं. खुर्चीत स्विमिंग पूलसारखा वास येतो तो त्याचाच. पुन्हा पुन्हा धुऊन नळ्या कोरड्या करतात. दुसऱ्या दिवशी बोलावायचं असो वा आठवड्याने, मधल्या काळासाठी बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरतात. शेवटी गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ सीलरसह (फटी बुजवणाऱ्या लेपासह) भरून नळ्या बंद करतात.

म्हणून डॉक्टरांना पहिलं हेच विचारा : नळ्यांत गटापर्चा भरला आहे की नुसती पेस्ट? पेस्ट असेल तर उपचार अर्धाच झाला आहे. कॅपचं नंतर बघू, आधी पुढची सीटिंग घ्या. गटापर्चा भरला असला तरी तात्पुरत्या सिमेंटवर सहा महिने काढू नका. ते काही आठवड्यांसाठीच असतं. चावून झिजतं, कडेने सुटतं, थुंकीतले जंतू आत झिरपतात आणि केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं. पक्कं फिलिंग लगेच करून घ्या, त्याला कॅपइतका खर्च येत नाही.

कॅप का? छिद्र आणि कीड मिळून दाढेचं छप्परच गेलेलं असतं. उरलेल्या भिंती शेंगदाणा, सुपारी, अगदी भाकरीच्या कडक कडेनेही फाटतात. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज नाही. पुढच्या दाताला छिद्र लहान असेल तर कॅपशिवाय बरेचदा भागतं. दाढेला सहसा नाही. दातासारखी पांढरी झिरकोनियाची कॅप परवडत नसेल तर साध्या धातूची कॅप चालते. मागची दाढ कोण बघतंय! नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम ही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च बहुधा कमी येतो, खेपा जास्त होतात.

प्रश्न : दोन इंजेक्शनं देऊनही दाढ बधिर झाली नाही. औषध खराब होतं का?
(एक वाचक, कळवा)

उत्तर : बहुधा नाही. सुजलेल्या गाभ्याभोवती आम्लता वाढते, तिथे भुलीचं औषध कमी चालतं. खालच्या जबड्याचं हाडही जाड, म्हणून इंजेक्शन मागे, मुख्य नसेपाशी देतात. ओठ बधिर होतो, पण दाढ बधिर होत नाही. अशा वेळी दाढ आणि हाड यांच्यामधल्या फटीत किंवा थेट गाभ्यात वेगळं इंजेक्शन देता येतं. दातावर दात दाबून सहन करू नका. काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या की डावा हात वर केला की मशीन थांबेल.