दहावीपर्यंत सर्वच विद्यार्थ्यांना बीजगणित सक्तीचे असावे का?

असावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र सर्वांची परीक्षा एकाच काठिण्यपातळीची नसावी.

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या 'गणित भाग १' या पुस्तकात वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी यांच्याबरोबर अर्थनियोजनाचेही प्रकरण आहे, ज्यात वस्तू व सेवा कर आणि शेअर्स शिकवले जातात. १८ टक्के करासह ५९० रुपयांचे बिल आले, तर मूळ किंमत किती? अनेक जण ५९० मधूनच १८ टक्के वजा करून ४८३.८० रुपये सांगतात. किंमत 'क्ष' मानून १.१८ क्ष = ५९० असे मांडले, की ५०० हे उत्तर लगेच मिळते. अज्ञाताला नाव देऊन त्याच्याशी व्यवहार करण्याची ही सवय दुकानदारालाही उपयोगी पडते आणि परिचारिकेलाही.

तरीही, ज्याला पुढे चित्रकला किंवा भाषा शिकायची आहे, त्याचे वर्ष केवळ वर्गसमीकरणांपायी वाया जावे, हे मला अन्यायाचे वाटते. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून अभ्यासक्रम तोच ठेवून 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' अशा दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिका सुरू केल्या. आपल्या राज्य मंडळानेही हाच मार्ग स्वीकारावा.