भुसावळ म्हणजे नुसतं जंक्शन का?

प्रश्न : मिस्टरांच्या बदलीमुळे मागच्या वर्षी आम्ही सांगलीहून भुसावळला आलो, रेल्वे क्वार्टरमध्येच राहतो. मुलगी सातवीत आहे, शाळेने 'आपल्या गावाचा इतिहास आणि गावातल्या मोठ्या व्यक्ती' असा प्रोजेक्ट दिलाय. ज्याला विचारावं तो जंक्शन, केळी आणि भरीत एवढंच सांगतो. इथे दुसरं काही घडलंच नाही का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, घडलंय, आणि त्यातलं सगळ्यात मोठं तर स्टेशनवरच घडलंय.

आधी गावाचं थोडक्यात सांगतो. रेल्वे यायच्या आधी भुसावळ म्हणजे तापीजवळचं लहान खेडं. १८६० नंतरच्या काही वर्षांत जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या रेल्वे कंपनीचे रूळ मुंबईहून इथपर्यंत आले आणि इथून दोन वाटा फुटल्या, एक वऱ्हाडातला कापूस आणायला अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला, ती १८६७ मध्ये पोचली, आणि दुसरी तापी ओलांडून खंडव्याकडे, ती १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली आणि मुंबई-कलकत्ता सलग गाडी सुरू झाली. मग इंजिनांची शेड आली, यार्ड आलं, क्वार्टर आले, आणि माणसं कुठून कुठून आली.

आता ती गोष्ट. सप्टेंबर १९२९. भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर, दोघं झाशीचे, चंद्रशेखर आझादांचे साथीदार. बॉम्बचं सामान आणि पिस्तूल ट्रंकेत घालून अकोल्याला निघालेले, आणि झाशीहून अकोल्याला जायचं तर गाडी भुसावळलाच बदलावी लागणार ना! तिथेच अबकारी खात्याच्या शिपायाला ट्रंकेचा संशय आला आणि दोघं पकडले गेले. हाच भुसावळ बॉम्ब खटला. तो चालला जळगावच्या कोर्टात, आणि लाहोर कटातले, म्हणजे भगतसिंगांवरच्या खटल्यातले, माफीचे साक्षीदार जयगोपाळ आणि फणींद्र घोष तिथे साक्षीला येणार म्हटल्यावर आझादांनी सदाशिवरावांच्या भावाकरवी तुरुंगातल्या माहौर-मलकापूरकरांपर्यंत पिस्तूल पोचवलं. २१ फेब्रुवारी १९३० ला माहौरांनी त्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. जयगोपाळ जखमी झाला, दोघंही वाचले. माहौर-मलकापूरकरांना मोठ्या शिक्षा झाल्या. सुटून आल्यावर माहौर पुढे झाशीत प्राध्यापक झाले. सदाशिवरावांनी आझादांच्या आईला, जगरानीदेवींना, शेवटपर्यंत सांभाळलं, त्या १९५१ मध्ये गेल्या तेव्हा अग्नीही त्यांनीच दिला. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. हे दोघं भुसावळचे नव्हते, पण मुलीला बिनधास्त लिहायला सांगा, कारण जंक्शनच्या गावात मोठी माणसं अशीच येतात, गाडी बदलायला.

आणि राहणाऱ्यांचं म्हणाल तर माझ्या लेखी इथली मोठी माणसं म्हणजे लाईनवरची माणसं. माझे वडील फायरमन होते, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे. रात्री दोन-अडीचला कॉलबॉय, म्हणजे ड्युटीचं बोलावणं आणणारा पोऱ्या, सायकलवरून यायचा, कडी वाजवायचा, कंदील वर धरून रजिस्टर पुढे करायचा आणि वडील झोपेतच सही करायचे. तोपर्यंत आईने स्टोव्ह पेटवलेला असायचा, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची, तो डबा लाईन बॉक्समध्ये, म्हणजे ड्युटीवर न्यायच्या पेटीत, जायचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये तमिळ कुटुंब, पलीकडे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, मागे उत्तर प्रदेशचे भय्या, आणि आम्ही घरात लेवा बोली बोलणारे, पण गाडी लेट झाली की सगळ्या घरांतल्या बायका एकाच ओट्यावर बसून वाट बघायच्या. मे १९७४ चा देशभरचा रेल्वे संप वीस दिवस चालला, तेव्हा पगार बंद, घरात दाणा नाही, त्या दिवसांत याच शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पीठ पोचवलं.

वाफेची इंजिनं गेली, आता इथे विजेच्या इंजिनांची शेड आहे, त्यांचं मोठं वर्कशॉप आहे, बाहेरून शिकायला पोरं येतात ते रेल्वेचं ट्रेनिंग सेंटरही आहे. प्रोजेक्टमध्ये हे एका पानात बसेल.

उरलेल्या पानांसाठी मुलीला एखाद्या रिटायर्ड ड्रायव्हर काकांकडे न्या. त्यांना कॉलबॉयबद्दल आणि चौऱ्याहत्तरच्या संपाबद्दल विचारा, आणि त्यांच्या बायकोलाही विचारा, ते जास्त महत्त्वाचं. घरात जुना लाईन बॉक्स पडलेला असेल तर त्याचा फोटो काढून घ्या, झाकणावर नाव रंगवलेलं असतं.