काळजीचीही नोंद कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. लहान मुलांच्या वॉर्डात येऊन तुला जेमतेम तीन महिने झालेत. एका रात्री एक आई सात वेळा तुझ्याकडे आली, 'सिस्टर, एकदा बघता का?' म्हणाली आणि तू सातही वेळा गेलीस. ताप उतरलेला, पल्स ठीक, ऑक्सिजन ९८. आठव्यांदा मात्र तू तिला म्हणालीस, 'अहो, काही झालेलं नाही, उगाच घाबरू नका.' ती गप्प झाली. तिचा चेहरा तुझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि अशा पालकांना कसं हाताळायचं असं तू मला विचारतेस.

तुला वाईट वाटलं हे मला बरं वाटलं. पण 'हाताळायचं' हा शब्द तेवढा सोडून दे. पालकांचं ऐकायचं, आणि ते म्हणाले ते लिहून ठेवायचं. आईची काळजी आणि मुलाची भीती ह्याही तपासणीतल्याच नोंदी आहेत, ताप-पल्सच्या शेजारी बसणाऱ्या. मला हे कळायला एक रात्र लागली. ती तुला सांगते.

चौदा महिन्यांचं बाळ होतं, ताप आणि खोकला. आई म्हणाली, 'हा आज माझ्याकडे बघत नाहीये.' मी म्हटलं, 'ताप आहे ना, सुस्तावलाय.' घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद श्वास मोजले, नऊ भरले, चारने गुणले आणि ३६ लिहून मोकळी झाले. खाली लिहिलं, 'आईला धीर दिला.' पहाटे चारच्या सुमारास आमच्या मोठ्या सिस्टर फिरत आल्या. त्यांनी बाळाचं झबलं वर केलं आणि पूर्ण एक मिनिट नुसत्या उभ्या राहिल्या. श्वास भरले ४८. बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी झबलं वर केलंच नव्हतं. बाळ आयसीयूत गेलं, वाचलं, नवव्या दिवशी आईच्या कडेवर घरी गेलं. पण त्या रात्रीच्या माझ्या कागदावर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठेच नव्हतं. आईला जे दिसलं होतं ते पुसून मी तिथे माझं 'धीर दिला' लिहिलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट श्वासाची. लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही. कधी भराभर, कधी जरा थांबून. पंधरा सेकंदांचा हिशेब तिथे दगा देतो. पूर्ण ६० सेकंद मोज, उघड्या छातीवर, मूल शांत असताना. रडत असेल तर थांब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा पाठ करून ठेव. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो जलद श्वास. माझं ३६ खरं असतं तर ठीक होतं. ४८ ठीक नव्हतं.

आणि हात लावायच्या आधी बघ. दारातूनच. मूल कसं पडलंय, कोणाकडे बघतंय, आईने उचलल्यावर शांत होतंय का, श्वासाला कष्ट पडतायत का, नाकपुड्या फुलतायत का, कण्हल्यासारखा आवाज येतोय का, रंग कसा आहे. एवढं बघायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि तू जवळ जाऊन ते रडायला लागलं की ह्यातलं निम्मं हातचं जातं. झोपेत असेल तर छाती आधी ऐकून घे. कान-घसा सगळ्यात शेवटी. बीपीवर फार विसंबू नकोस. मुलांचं शरीर हृदयाची गती वाढवून आणि हातापायांचा रक्तपुरवठा आवळून बीपी बराच वेळ सांभाळून ठेवतं. ते घसरलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याआधी हातपाय गार पडतात, बोट दाबून सोडलं तर रंग परत यायला दोन-तीन सेकंदांहून जास्त लागतात, आणि मूल 'वेगळं' वाटायला लागतं.

हे वेगळेपण ओळखायला नेहमीचं मूल माहीत असावं लागतं. ते तुला माहीत नाही, आईला आहे. म्हणून 'काय होतंय?' एवढ्यावर थांबू नकोस. 'नेहमीपेक्षा आज काय वेगळं वाटतंय?' असं विचार, आणि मग गप्प बस. बहुतेकींना पहिल्या वाक्यात सांगता येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात येतं. 'रडणं बारीक झालंय.' 'छातीशी घेतलं तरी तोंड लावत नाही.' ही दोन वाक्यं ऐकलीस तर जागची ऊठ. दूध किंवा पाणी अजिबात न घेणं, घेतलेलं सगळं उलटून टाकणं, झटके येणं, गुंगीत असणं किंवा शुद्ध हरपणं ही पाच वर्षांखालच्या मुलांतली धोक्याची लक्षणं मानली जातात, आणि ती बहुतेक वेळा आधी घरच्यांनाच दिसलेली असतात. इंग्लंडमध्ये २०२३ साली मुलांसाठी आलेल्या राष्ट्रीय नोंदतक्त्यात पल्स-श्वासाबरोबर पालकांना काय वाटतंय हेही विचारून नोंदवायला जागा दिली आहे. तुझ्या कागदावर तसा रकाना नसेल तर समासात लिही, पण लिही. 'आई चिंताग्रस्त' असं लिहू नकोस. त्यातून पुढच्या सिस्टरला काहीच कळत नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिही, वेळ घाल, आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हरला मोठ्याने वाच.

आता मुलांचं. त्यांची काळजी आपल्याला वाटते त्या जागी क्वचितच असते. सहा वर्षांचा एक मुलगा रक्त घेऊ देईना. तिघांनी धरायचं ठरत होतं. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. त्याच्याशेजारी बसले आणि विचारलं, 'सुई दुखते म्हणून नको?' तो मान हलवून नाही म्हणाला. बऱ्याच वेळाने अगदी हळू म्हणाला, 'काल पण घेतलं, परवा पण घेतलं. आता किती उरलंय?'

तो तीन दिवस हिशेब करत होता. मी रिकाम्या सिरिंजमध्ये २ मिली पाणी ओढून त्याच्या हातात दिलं. मग पाण्याने भरलेली दीड लिटरची बाटली शेजारी ठेवली. त्याचं वजन २० किलो होतं. एवढ्या वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण तेवढंच रक्त असतं. 'तुझ्यात एवढं आहे, आम्ही एवढं घेतो, आणि शरीर रोज नवीन बनवतं,' असं सांगितलं. त्याने सिरिंज आणि बाटली आलटून पालटून पाहिली. मग त्याने हात पुढे केला आणि एकच अट घातली, भोकावर पट्टी मीच लावणार. त्याने ती घट्ट दाबून लावली, आतलं बाहेर येऊ नये म्हणून.

तीन ते सहा-सात वर्षांची मुलं असाच हिशेब मांडतात. आजार ही शिक्षा आहे असंही त्यांना वाटतं. 'मी हट्ट केला म्हणून मला असं झालं का?' हे ती विचारत नाहीत, विचार करत राहतात. तेव्हा तूच म्हण, 'पुष्कळ मुलांना वाटतं की आपण काहीतरी चुकीचं केलं म्हणून आजारी पडलो. तुला वाटतं का असं?' आणि मग स्पष्ट सांग, तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. 'दुखणार नाही' असं मात्र कधीच सांगू नकोस. 'टोचेल, तू दहा म्हणेपर्यंत संपेल' असं सांग, आणि दहाच्या आत संपव. एकदा खोटं ठरलीस की ते मूल पुढच्या प्रत्येक सिस्टरला त्याच नजरेने बघतं.

दुखणं मोजायला हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची पट्टी वापरतेस ना? ती डॉना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या मदतीने तयार केली. चेहरा मुलाने निवडायचा असतो. त्याचं तोंड बघून आपण जुळवायचा नसतो. हसरं मूलही खूप दुखत असू शकतं. शिवाय घाबरलेलं मूल रडका चेहरा दाखवतं, म्हणून आधी विचार, 'दुखतंय का भीती वाटतेय?' तीन वर्षांखालच्यांना ही पट्टी कळत नाही. तिथे चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत निघते का, ह्या पाच गोष्टी बघून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे.

एक गोष्ट मला फार आतून सांगायची आहे. आई नसताना न रडणारं मूल 'शहाणं' आहे असं लिहू नकोस. ब्रिटनमधले संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ सालच्या आपल्या चित्रपटात रुग्णालयातल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं होतं. आई-वडिलांशिवाय राहणारं मूल आधी आक्रोश करतं, मग हिरमुसतं, मग अलिप्त होतं असं त्यांनी मांडलं, आणि त्या काळी वॉर्डातले लोक ह्या शेवटच्या अवस्थेला 'रुळलं' म्हणत. १९५९ साली ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने आईवडिलांना मुलाजवळ राहू द्यावं, भेटीच्या वेळा मोकळ्या ठेवाव्यात अशी शिफारस केली. त्याआधी कितीतरी मुलं अशी शांत झोपवली गेली असतील, ह्या विचाराने मला अजूनही गलबलतं. गप्प पडून भिंतीकडे बघणारं मूल दिसलं की ताप नसला तरी त्याच्यापाशी बस.

मोठ्या मुलांबद्दल सविस्तर पुन्हा कधीतरी. सध्या एवढंच कर, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीशी दहा मिनिटं तरी एकटीने बोल, आईला प्रेमाने बाहेर पाठवून. आणि काय गुप्त ठेवता येईल, काय नाही, ते आधीच सांग. जिवाला धोका असेल तर मला सांगावंच लागेल, हेही.

तुझ्या त्या आईला काय सांगायचं होतं? 'आत्ता श्वास मोजला, ३२ आहे, छाती ओढली जात नाहीये, हातपाय गरम आहेत. मी अर्ध्या तासाने पुन्हा येते. त्याच्या आत तो दूध घेईनासा झाला किंवा उठवून उठला नाही तर लगेच हाक मारा, मी झोपेत असले तरी.' ह्यात 'घाबरू नका' कुठेच नाही. आणि अर्ध्या तासाने खरंच जा.

ती अजून वॉर्डात असेल तर आज ड्यूटीवर गेल्यावर तिच्याशेजारी स्टूल ओढून बस. त्या रात्री आठ वेळा ती नेमकं काय बघून उठली होती, ते विचार. मग मला तिचे शब्द कळव, जसेच्या तसे.

तुझी,
मोठी सिस्टर