आफ्रिकेतल्या खेड्यात पाणी आणि शाळेच्या कामासाठी तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचंय. संस्था फी मागतेय, द्यावी का?

नका देऊ.

तुम्ही लिहिलंय की मलावीत किंवा टांझानियात जाऊन गावकऱ्यांसोबत 'पाण्याची सोय उभी करायची' आणि उरलेल्या वेळात मुलांना इंग्रजी शिकवायचं. मनापासून जायचंय हे प्रश्नातून कळतंच, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे. पण आधी हापशाबद्दल बोलते. हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

मी सोलापूरची. माझे वडील हातपंप दुरुस्तीच्या पथकात होते. जीपमध्ये लोखंडी पाइप, पाने आणि चामडी वॉशर घेऊन तालुकाभर फिरायचे. उन्हाळ्यात घरी येईपर्यंत रात्र व्हायची. त्या काळातल्या कुणालाही विचारा, गावात बोअर मारणं ही सोपी गोष्ट होती, त्यावरचा हापसा चालू ठेवणं अवघड. दुष्काळात सरकारने आणि मिशनवाल्यांनी खडक फोडून बोअर पाडले, आणि वर बसवले ते घरगुती वापराचे बिडाचे पंप. अख्खं गाव हापसायला लागल्यावर ते मोडणारच. त्यावर आधी जालन्याच्या मिशनमध्ये आणि मग सोलापुरात पोलादी पंप तयार झाला. एकाच खिळीवर फिरणारा दांडा, त्याला साखळी, आणि गावाचा मार सोसेल असा सांगाडा. त्या सोलापूर पंपाच्या आधारावर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' बनला. तोच आज युगांडा, झांबिया, घाना अशा कितीतरी देशांतल्या गावांत उभा आहे. आपल्याकडे हे शाळेत शिकवत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं मलावीत, ब्लँटायरला राहिलो. तिथे मार्क टूपेक्षा 'अ‍ॅफ्रिडेव्ह' नावाचा हातपंप जास्त दिसतो. १९८०च्या दशकात मलावी आणि केनियातच तो घडवला गेला, आणि हेतू एकच होता की बाहेरचं पथक न येता गावातल्याच माणसांनी, बायकांनीसुद्धा, एका पान्याने तो उघडावा. मार्क टूला लोखंडी पाइप उपसावे लागतात, त्याला चार-पाच जणांचा जोर लागतो. अ‍ॅफ्रिडेव्हचे पाइप पीव्हीसीचे असतात आणि ते जागचे हलवायचे नसतात. सळ्या आणि दट्ट्या पाइपाच्या आतूनच वर येतात.

ब्लँटायरला भारतीयांचा एक गट होता. वर्गणी काढून खेड्यांत कामं करायचा. मीही त्यात गेले. एकदा झोम्बाच्या पलीकडे, चिल्वा तळ्याच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत नवा बोअर मारायचं ठरलं आणि जागा बघायला आम्ही गेलो. शाळा म्हणजे विटांच्या दोन इमारती, आणि पहिली-दुसरीचे वर्ग आंब्याखाली. वरच्या वर्गातल्या मुली पहिल्या तासाला नव्हत्याच. शाळेसाठी आणि मास्तरांच्या घरांसाठी ओढ्यावरून पाणी आणायला गेल्या होत्या. जगभरातल्या बायका आणि मुली मिळून पाणी आणण्यात रोज २० कोटी तास घालवतात, असा युनिसेफने २०१६ मध्ये अंदाज दिला होता. आकडा वाचून काही कळत नाही. गणिताच्या तासाला अर्धा वर्ग रिकामा बघितला की कळतं.

आणि याच शाळेच्या आवारात, मुख्याध्यापकांच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, एक अ‍ॅफ्रिडेव्ह बंद पडलेला होता. चौथऱ्यावर देणगीदाराच्या नावाची सिमेंटमध्ये बसवलेली पाटी. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी, मी त्यांना काका म्हणायचे, त्याच्याकडे बघून सांगितलं, "हा मेलेला आहे, नवीनच मारू." मी म्हटलं, "काका, आधी उघडून तर बघू."

एरिया मेकॅनिक सायकलवर आला. मलावीत हे स्थानिक मेकॅनिक असतात, प्रशिक्षण घेतलेले, दुरुस्तीचे पैसे गावाकडून घेणारे. त्याने टोपण काढलं, दांडा बाजूला केला आणि सळ्या एकेक करून वर ओढायला लागला. प्रत्येक सळी हुकातून सोडवून बायकांच्या हातात देत होता आणि त्या चितेंज्याने, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाने, पुसून गवतावर ओळीने मांडत होत्या. शेवटी दट्ट्या वर आला. रबरी सील एका बाजूने पार झिजून कागदासारखं झालेलं. दांड्याची प्लॅस्टिकची बुशं इतकी खाल्लेली की दांडा डावीउजवीकडे डुलायचा, त्यातून सळी तिरकी घासायची. तळाची झडप मात्र ठणठणीत होती, आणि बोअरला पाणीही भरपूर. म्हणजे बदलायचं ते एवढंच: सील, बुशं, एक ओ-रिंग. नव्या बोअरला हजारो डॉलर लागतात. हे सामान काही डॉलरांत येतं, आणि त्यातलं बरंचसं भारतातच बनून तिथे पोचतं.

मग इतके दिवस दुरुस्त का नाही केला? इथे खरी गोष्ट सुरू होते. गावाचं म्हणणं, हापसा शाळेत आहे, शाळेने खर्च करावा. शाळेचं म्हणणं, पाणी सगळं गाव नेतं, शाळेने का द्यावं. एका वर्षी वर्गणी जमली होती ती कुणाकडे आहे यावरून भांडण झालं, तेव्हापासून शाळा सुटली की फाटकाला कुलूप. रबराच्या एका तुकड्यामुळे नव्हे, या भांडणामुळे मुली ओढ्यावर जात होत्या.

पुढचे कितीतरी शनिवार मी त्या बैठकांना गेले. बोलायचे गावचे मुखिया, शाळा समिती, मुलींना शाळेत परत आणणारा आयांचा गट. मला भाषा जेमतेम यायची. मी फक्त हिशेबाच्या वहीशी बसायचे, कारण तेवढंच मला येत होतं. ठरलं ते असं: वर्गणी मे-जूनमध्ये, मका घरात आल्यावर घ्यायची, कारण जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने आणि तेव्हा पैसे मागणं म्हणजे तोंडचा घास काढणं. ज्याच्याकडे रोकड नाही त्याने मका द्यावा. शाळेने आपल्या सुधारणा-निधीतून वाटा उचलावा. फाटकाची एक किल्ली पाणी समितीकडे. आणि वर्गणीतून आधी एक जादा सील आणि बुशांचा जोड विकत घेऊन ठेवायचा. हे शेवटचं खजिनदार बाईंनी सुचवलं. त्यांच्या चाळीस पानी वहीत नावं, त्यापुढे क्वाचा (मलावीचं चलन) किंवा मक्याचे किलो, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा. त्यांची अक्कल किती मोठी होती हे नोव्हेंबर २०२३ मध्ये कळलं. मलावीच्या रिझर्व्ह बँकेने एका झटक्यात क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन केलं. ज्या समित्यांनी नोटा साठवल्या होत्या त्यांचे सुटे भाग हाताबाहेर गेले. यांच्याकडे सामान पेटीत तयार होतं.

काकांना हे काम पटलं नाही. "दुरुस्तीवर पाटी लावता येत नाही गं. देणगीदारांना दाखवू काय, रबर?" हे त्यांचे शब्द. गटाची सगळी रक्कम त्यांनी दुसऱ्या गावात, बाजाराच्या रस्त्यालगत नव्या बोअरला लावली. तोही पावसाळा सरता सरता, मार्चमध्ये, जेव्हा भूजल सगळ्यात वर असतं. ठेकेदाराशी करार 'पाणी नाही तर पैसे नाहीत' असा. ऐकायला छान, पण अशा करारात ठेकेदार पहिलं पाणी लागलं की थांबतो, खोल जायचा धोका घेत नाही. उद्घाटनाला भरपूर पाणी आलं, फोटो निघाले. ऑक्टोबरच्या उन्हात बायका पन्नासदा हापसून एक बादली भरायच्या. मी हे आधी बोलले होते. गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. तेव्हा मला सांगण्यात आलं की मी चांगल्या कामात खोडा घालते आहे. काका आता या जगात नाहीत, माणूस म्हणून ते दिलदार होते, स्वतःच्या खिशातून कितीतरी मुलांची फी भरायचे. पण या बाबतीत ते चुकीचे होते आणि ते मी आजही म्हणेन.

हा एका काकांचा प्रश्न नाही. २००९च्या सुमाराला जी आकडेवारी गोळा झाली त्यानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत दर तीन हातपंपांतला साधारण एक बंद होता. यातले बहुतेक कुणीतरी प्रेमाने बसवलेले. 'प्लेपंप' आठवतोय का? शाळेच्या मैदानात गोल फिरणारा झोपाळा, मुलं खेळतील आणि पाणी टाकीत चढेल. २००६ साली अमेरिकेत मोठा गाजावाजा झाला, २०१० पर्यंत ४००० बसवायचे ठरले. एका ब्रिटिश दैनिकाने हिशेब मांडला की सांगितलं तेवढं पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. मोझांबिकमध्ये म्हाताऱ्या बायका ते चक्र हाताने ढकलत होत्या. साधा हापसा काढून तिथे हे बसवलं होतं. ठरलेला आकडा गाठण्याच्या खूप आधी ती मोहीम गुंडाळली गेली.

आता तुमच्या इंग्रजी शिकवण्याबद्दल. मलावीत १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पटावरची मुलं सुमारे १९ लाखांवरून वर्षभरात ३० लाखांच्या आसपास गेली. शिक्षक तितक्या वेगाने तयार होणार कसे? एका शिक्षकामागे ६० मुलं हे तिथलं सरकारी उद्दिष्ट आहे, उद्दिष्ट! खालच्या वर्गांत शंभराच्या वर मुलं मी स्वतः बघितली आहेत. पहिलीतलं मूल घरी चिचेवा किंवा चियाओ बोलतं. तुम्ही तीन आठवडे इंग्रजी बोललात तर ते हसेल, गाणं म्हणेल, आणि तुम्ही गेल्यावर मास्तर जिथे होते तिथून पुन्हा सुरू करतील. खेड्यात टिकायला मास्तरांना राहायला घर लागतं, मुलींना दाराला कडी असलेलं संडास आणि तिथे पाणी लागतं, वर्गाला पुस्तकं लागतात. आणि एक विचारते, रागावू नका. तुमच्या मुलाच्या शाळेत उद्या कुणी परदेशी माणूस आला, ना बी.एड., ना कुणाची ओळख, आणि म्हणाला तीन आठवडे शिकवतो आणि फोटो काढतो, तर तुम्ही चालवून घ्याल? मग तिथल्या आयांनी का चालवून घ्यावं? अनाथाश्रमात राहून सेवा करण्याची जाहिरात दिसली तर तिकडे तर फिरकूच नका.

मग करायचं काय? तुम्ही काय काम करता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. भूजल, पंप, हिशेब, शिक्षक-प्रशिक्षण यातलं काही खरोखर येत असेल तर जा, पण तीन आठवड्यांसाठी नाही, निदान एक सुगी आणि एक ऑक्टोबर तिथे काढता येईल इतके दिवस, आणि जिल्हा जल कार्यालयाला माहीत असलेल्या कामातच. येत नसेल तर विमानाच्या तिकिटाचे आणि फीचे पैसे दुरुस्ती करणाऱ्या, एरिया मेकॅनिकना शिकवणाऱ्या संस्थेला द्या. कुठली संस्था, याचं उत्तर मी नाव घेऊन देणार नाही. तुमच्या संस्थेला पत्र लिहून विचारा की पाच वर्षांपूर्वी बसवलेले तुमचे किती हापसे आज चालू आहेत, सुटे भाग गावाला कुठल्या दुकानात मिळतात, आणि बोअरला किती पाणी आहे याची चाचणी कुठल्या महिन्यात घेता. उत्तरात आकडे न येता मुलांचे हसरे फोटो आले तर समजून जा.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. नवे बोअर नकोतच असं नाही. मलावीचाच निकष एका हापशामागे २५० माणसं असा आहे, आणि कित्येक ठिकाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट गर्दी असते. चिक्वावाकडे शिरे नदीच्या खोऱ्यात तर काही बोअरचं पाणीच खारट निघतं, तिथे सील बदलून काय होणार. आणि संकटात हे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतात. २०२२-२३ची कॉलऱ्याची साथ मलावीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी होती, १७००हून जास्त माणसं गेली, ब्लँटायर आणि लिलोंग्वेच्या शाळा जानेवारीत वेळेवर उघडल्या नाहीत. त्यातच मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ आलं. तेव्हा ज्याने क्लोरीन आणलं, टँकर आणला, त्याला कुणी समितीची वही विचारली नाही, आणि विचारायचीही नव्हती.

तुम्ही जिल्हा आणि संस्थेचं लेखी उत्तर कळवलंत तर मी वाचून सांगेन. बोअरच्या खोलीचा आणि चाचणीचा कागद मागून घ्या, तो सगळ्यात आधी बघायचा असतो.