पवनचक्की पाऊस पळवते काय?

ह्या वेळी पत्रांचा गठ्ठा जरा मोठाच आला आणि निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच, वीज. लाईटबिल वाढलं की सगळ्यांना पर्यावरण आठवतं, असू दे, कशानं का होईना आठवलं. त्यातली चार निवडलीत.

प्रश्न : सर, आमचं गाव ढालगावच्या बाजूला. माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासनं पाऊस कमी झाला असं वडील म्हणतात. ढग आले की ही पाती त्यांना पुढं ढकलतात म्हणे. निम्मं गाव हेच बोलतंय. खरं काय? – एक शेतकरी, कवठेमहांकाळ तालुका

उत्तर : वडलांना नमस्कार सांगा आणि त्यांना खोटं पाडायला जाऊ नका, कारण त्यांनी बघितलंय ते बरोबरच बघितलंय, ढग येतात आणि न पडता निघून जातात. फक्त आळ चुकीच्या माणसावर आलाय.

घरातला पंखा लाईट खातो आणि वारं फेकतो. पवनचक्कीचं उलटं आहे, ती वारं खाते आणि लाईट देते. म्हणजे ती काही ढकलत नाही, उलट तिच्यामागचं वारं थोडं मंदावतं आणि काही किलोमीटर पुढं गेलं की परत होतं तसं होतं. पावसाचा ढग तर किलोमीटर-किलोमीटर उंचीचा, त्याच्यापुढं ही पाती म्हणजे हत्तीपुढं उदबत्तीची काडी.

मग पाऊस का नाही? तर अरबी समुद्राकडनं आलेलं ओलं वारं सह्याद्री चढतं, चढताना गार होतं आणि तिथंच सगळं ओतून टाकतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि तिथनं पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर दहिवडीला पाचशेच्या आसपास, तेपण पडला तर. उतरताना वारं गरम होतं, कोरडं होतं. माण, खटाव, आटपाडी, जत, तुमचा कवठेमहांकाळ, सगळे सह्याद्रीआडच्या ह्या पर्जन्यछायेतले. ७२ साली सुकडी खाऊन खडी फोडली तेव्हा कुठं होत्या पवनचक्क्या? आपल्याकडं त्या आल्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी. आणि त्या उभ्या करतातच मुळी उघड्या, वाऱ्याच्या माळावर, म्हणून दुष्काळ आणि पवनचक्की शेजारी-शेजारी दिसतात.

आता ज्याच्यावर आळ यायला पाहिजे तो सांगतो. कोळसा, डिझेल, पेट्रोल. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, लिटरभरातनं एवढं कसं असं वर्गात पोरं हमखास विचारायची, तर जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो ना. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख कणांत हा वायू २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. त्यानं हवा तापते आणि तापलेली हवा पाणी जास्त धरून ठेवते, एका अंशाला साधारण सात टक्के. म्हणजे धरून ठेवते तोवर कोरडं आणि सोडते तेव्हा धो धो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५, आणि त्याच जिल्ह्यात जतला टँकर चालू होते. त्या महापुराला धरणातला विसर्ग होता, नदीपात्रातली बांधकामं होती, सगळा दोष धुराचा असं मी म्हणणार नाही. पण पाऊस असा लहरी होण्यात त्या धुराचा हात आहे, पात्याचा नाही.

प्रश्न : तुम्ही पवनऊर्जेचं कौतुक करता, पण चाळकेवाडीचं पठार येऊन बघा, रस्ते काढून काढून काय केलंय ते. हे कसलं पर्यावरण? – एक वाचक, सातारा

उत्तर : बघितलंय, आणि तुमचा राग रास्त आहे. त्याच पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला, २०१८ ला तो छापून आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी दिसले. शिकारी नाहीत म्हटल्यावर सरडे वाढले, तो गळ्याला निळी-केशरी झालर असलेला आपला सडा-पठारावरचा सरडा (शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नावच ‘सरडा’ दिलंय, चक्क मराठी). ते सरडे माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत, भीतीच गेली त्यांची. ऐकायला मजा वाटते पण एक कडी हलवली की अख्खी साखळी हलते ती अशी.

तरी मी पवनचक्कीच्याच बाजूनं आहे. चंद्रपूरच्या कोळशावरच्या २९२० मेगावॉटच्या वीजकेंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा राख म्हणजे काय, आपल्या कोळशात शंभर किलोला तीस-चाळीस किलो राखच असते. आणि जून ते ऑगस्ट ढगांमुळं सोलर मंदावतं तेव्हाच आपल्या पठारांवर वारं सुटलेलं असतं, ही जोडी फार कामाची आहे. म्हणून पवनचक्की हवी, पण कासच्या शेजारच्या सड्यावर की पडीक माळावर, हे ठरवताना गावाला आणि पक्ष्यांच्या जाणकारांना आधी विचारायला पाहिजे, नंतर नाही.

प्रश्न : साखर कारखान्याच्या चिमणीतनंपण धूरच निघतो की. मग बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची वीज हिरवी आणि कोळशाची काळी, असं कसं? – वाळवा तालुका

उत्तर : ऊस बारा-अठरा महिने हवेतला कार्बन घेऊन वाढला, जळल्यावर तोच परत हवेत गेला, पुढच्या लागणीनं परत ओढला. देणं-घेणं चालू. कोळसा मात्र पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा, जमिनीत पुरलेला, तो आपण वर काढून हवेत सोडतोय आणि परत पुरणारं कोणी नाही. फरक एवढाच, पण हाच मोठा. अगदी हिरवीगार म्हणू नका मात्र, उसाला युरिया लागतो तो नैसर्गिक वायूपासनं होतो, पंप चालतो, ट्रॅक्टर डिझेल पितो. आणि पाचट पेटवत असाल तर ते आधी बंद करा.

प्रश्न : काका, छतावर सोलर बसवतोय. महापुरात चार-चार दिवस लाईट जाते, तेव्हा तरी घरात उजेड राहील ना? – सांगली, गावभाग

उत्तर : नाही राहणार! हे विकणारे सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय. साधं नेट मीटरचं, म्हणजे उरलेली वीज तारेत परत देणारं सोलर, लाईट गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हात सुद्धा, कारण तारेत तुमची वीज उलटी गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. तुम्हाला बॅटरी आणि तिच्यावरपण चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, खर्च चांगलाच वाढतो. निदान फ्रिज, दिवे, मोबाईल एवढ्यापुरती छोटी बॅटरी घ्या.

बाकी हिशोब असा, एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, पावसाळ्यात बरेच कमी. २०२४ ला आलेल्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि तीन किंवा जास्तला एकूण ७८ हजार अनुदान आहे. आणि इन्व्हर्टर पार्किंगच्या भिंतीवर लावू देऊ नका, वायर वाचते म्हणून बसवणारे तिथंच लावतात. आमच्या शेजाऱ्यांचा २०२१ ला तसाच गेला, पॅनल वर कोरडे ठणठणीत आणि इन्व्हर्टर चार फूट पाण्यात.